क्रांतिकाळातले विचारवंत नव्याने तपासताना: एक विधान, एक तारीख, एक हिशेब

'रूसो लोकशाहीवादी होता की हुकूमशाहीचा जनक?' अशा प्रश्नाने सुरुवात केली तर महिनाभर वाचूनही हाती काही लागत नाही. रूसो हा फ्रेंच क्रांतीच्या आधीचा, अठराव्या शतकातला विचारवंत. त्याने वीसेक वर्षं लिहिलं, वेगवेगळ्या प्रसंगी लिहिलं, आणि तुम्ही आधीच ठरवलेल्या बाजूला पुरतील इतकी वाक्यं त्याच्याकडे दोन्ही बाजूंची सापडतात. म्हणून पहिला नियम: अख्खा माणूस तपासायला घेऊ नका. एक विधान घ्या. ते कोणत्या मजकुरात आहे आणि कोणत्या तारखेचं आहे, एवढं त्याच्यासोबत लिहा. मूल्यमापनाचं एकक हे.

फ्रेंच क्रांतीतला नेता रोबेस्पिएर याचं उदाहरण पाहा. ३० मे १७९१ रोजी त्याने संविधान सभेत फाशीची शिक्षा रद्द करा म्हणून भाषण केलं. ३ डिसेंबर १७९२ रोजी राष्ट्रीय परिषदेत (तेव्हाची फ्रेंच प्रतिनिधी-सभा) राजाला मृत्यू द्या म्हणून केलं. 'ढोंगी' म्हणून वही मिटायचा मोह इथेच होतो. पण दुसरं भाषण उघडलं की दिसतं, त्याने पहिल्याचा उल्लेख स्वतःहून केला आहे: फाशीचा तिटकारा कायम आहे, मात्र राजा हा गुन्हेगार नागरिक नसून राष्ट्राचा शत्रू आहे, त्यामुळे त्याला खटल्याचा कायदा लागूच होत नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. आता तपासायला नेमकी गोष्ट मिळाली: 'शत्रू' हा वर्ग एकदा मान्य केला की त्यात कोणाकोणाला बसवता येतं? आणखी गंमत म्हणजे जानेवारी १७९३ मध्ये थॉमस पेन या इंग्रज लेखकाने राजाचा जीव वाचवण्यासाठी त्याच परिषदेत बाजू मांडली तेव्हा रोबेस्पिएरच्या १७९१ च्या भाषणाचीच तारीफ करून दाखला दिला.

मजकूर कोणता हातात आहे?

वाचनाआधी अर्धा तास इथे घाला, नंतरचे चार दिवस वाचतात.

अमेरिकी स्वातंत्र्याची बाजू मांडणारं पेनचं 'कॉमन सेन्स' १० जानेवारी १७७६ रोजी फिलाडेल्फियात निनावी छापलं गेलं. त्यातलं परिशिष्ट आणि क्वेकरपंथीयांना (एक शांततावादी ख्रिस्ती पंथ) दिलेलं उत्तर हे मूळ छपाईत नाही. ते फेब्रुवारीतल्या वाढीव आवृत्तीत आलं. आजच्या बहुतेक प्रतींत दोन्ही एकत्र असतात आणि वाचणारा सगळं एकाच दिवशी लिहिलं असं धरून चालतो. 'राइट्स ऑफ मॅन'चे दोन भाग आहेत, १७९१ आणि १७९२ चे, आणि त्यांचा सूर वेगळा आहे: पहिला प्रामुख्याने क्रांतीचा टीकाकार बर्क याला उत्तर, दुसऱ्याच्या शेवटी करांचे नि मदतीचे आकडे. 'मानवी हक्कांचा फ्रेंच जाहीरनामा' म्हटलं की कोणता, तेही विचारा. २६ ऑगस्ट १७८९ च्या जाहीरनाम्यात १७ कलमं आहेत, जून १७९३ च्या जाहीरनाम्यात ३५. गरजूंना मदत करणं हे समाजावरचं पवित्र ऋण आहे, हे दुसऱ्यात २१ वं कलम आहे, पहिल्यात त्याचा मागमूस नाही. ज्या संविधानाला हा दुसरा जाहीरनामा जोडलेला होता, ते मात्र कधी अमलात आलंच नाही.

तारखांचा एक सापळा फ्रेंच कागदांत हमखास पाय अडकवतो. क्रांतीचं पंचांग ऑक्टोबर १७९३ मध्ये लागू झालं, पण मोजणी मागे नेऊन २२ सप्टेंबर १७९२ पासून धरली. त्यामुळे 'वर्ष दुसरे' म्हणजे २२ सप्टेंबर १७९३ ते २१ सप्टेंबर १७९४. १६ प्लुव्हिओज, वर्ष दुसरे म्हणजे ४ फेब्रुवारी १७९४. त्या दिवशी परिषदेने वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली. १७ प्लुव्हिओज म्हणजे दुसराच दिवस; त्या दिवशी रोबेस्पिएरने सद्गुण आणि दहशत (क्रांतीच्या विरोधकांना गिलोटिनवर पाठवणारी राजवट) यांची सांगड घालणारं प्रसिद्ध भाषण केलं. तारखा नीट बदलून घेतल्या नाहीत तर या दोन घटना एकाच आठवड्यातल्या आहेत हे ध्यानातच येत नाही, आणि मग एक जण मुक्तीवर लेख लिहितो, दुसरा दहशतीवर, दोघांनाही वाटतं आपण वेगवेगळ्या क्रांत्यांबद्दल बोलतोय.

आता अवतरणं. ज्याच्या नावावर वाक्य फिरतंय त्याच्या मजकुरात भाग आणि प्रकरण सापडेपर्यंत ते वापरू नका. 'तुझं म्हणणं मला पटत नाही, पण ते मांडण्याच्या तुझ्या हक्कासाठी मी प्राण देईन' हे व्हॉल्तेअरचं वाक्य नाही. एव्हलिन बिअट्रिस हॉल या चरित्रलेखिकेने १९०६ साली त्याची वृत्ती सांगण्यासाठी ते रचलं. व्हॉल्तेअर १७७८ सालीच वारला होता. 'पाव नसेल तर केक खा'चा किस्सा रूसोच्या आत्मचरित्रात आहे, पण तिथे राणीचं नाव नाही, 'एक थोर राजकन्या' एवढंच आहे, आणि तो भाग लिहिला गेला तेव्हा मारी आंत्वानेत (जिच्या नावावर हे वाक्य खपवतात ती फ्रान्सची राणी) ऑस्ट्रियात वाढणारी लहान मुलगी होती.

आकड्यांनाही हाच नियम. 'कॉमन सेन्स'च्या पाच लाख प्रती खपल्या असं सर्रास वाचायला मिळतं. अमेरिकी वसाहतींची लोकसंख्या तेव्हा सुमारे २५ लाख होती, त्यात जवळपास पाच लाख गुलाम. म्हणजे तान्ही पोरं धरून दर पाच माणसांमागे एक प्रत! खुद्द पेनने, जो स्वतःचा खप कमी सांगणाऱ्यांतला मुळीच नव्हता, दीड लाखापर्यंतचाच दावा केला होता, आणि इतिहासकार त्यावरही शंका घेतात. भागाकार करायला एक मिनिट लागतं. तेवढं करा.

शब्दांचा तेव्हाचा अर्थ

आधी मराठीतलीच एक अडचण. 'प्रबोधन' हा शब्द आपल्याकडे पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या युरोपीय कलाविद्यांच्या उभारीलाही वापरतात आणि अठराव्या शतकातल्या बुद्धिवादी चळवळीलाही. टिपणं काढताना दुसरीसाठी 'ज्ञानोदय' वापरा, गोंधळ टळतो.

मग मूळ लेखकाचे शब्द. ज्या विधानाची तपासणी चालू आहे त्यातली दोन-तीन वजनदार नामं वेगळी काढा आणि त्याच ग्रंथात त्यांची व्याख्या कुठे आहे ते शोधा. रूसोच्या 'सामाजिक करारा'त (१७६२) चार भाग आणि ४८ प्रकरणं आहेत. तिसऱ्या भागाच्या चौथ्या प्रकरणात तो म्हणतो की देवांचं राष्ट्र असतं तर ते लोकशाहीने चाललं असतं, माणसांना इतकी परिपूर्ण शासनपद्धती मानवणार नाही. हे वाक्य उचलून 'रूसो लोकशाहीविरोधी' असं लिहिणारे बरेच सापडतील. पण त्याच्या लेखी 'लोकशाही' म्हणजे रोजचा कारभार, अंमलबजावणीसकट, सगळ्या जनतेने एकत्र बसून चालवणं. कायदे करण्याची सत्ता जनतेचीच, ती कोणाला देऊन टाकता येत नाही, यावर तो ठाम आहे. दुसऱ्या भागाच्या सहाव्या प्रकरणात तर तो कायद्याने चालणाऱ्या कोणत्याही राज्याला प्रजासत्ताक म्हणतो आणि टीपेत सांगतो की सरकार सार्वभौम जनतेचं सेवक असेल तर राजेशाहीसुद्धा प्रजासत्ताक ठरते. आणि तिसऱ्या भागाच्या पंधराव्या प्रकरणात निवडून दिलेले प्रतिनिधी हीच त्याला गुलामीची खूण वाटते. इंग्रज फक्त मतदानापुरते स्वतंत्र, असा टोला त्याने तिथेच लगावला आहे. आजच्या अर्थाने विचाराल तर तो आपल्या संसदीय लोकशाहीपेक्षा जास्तही मागतो आणि कमीही. 'लोकशाहीवादी: होय/नाही' अशा चौकटीत हे बसवायला गेलात तर काहीतरी कापावंच लागेल.

'सामूहिक इच्छा' आणि 'सगळ्यांच्या इच्छांची बेरीज' यांतला फरक दुसऱ्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात आहे. तो न वाचता पहिल्या भागातलं 'स्वतंत्र होण्याची सक्ती' हे वाक्य घेऊ नका. वाचूनही ते वाक्य टोचतंच, टोचू द्या. संदर्भ द्यायचा म्हणजे सारवासारव करायची असं नव्हे.

समोर कोण होतं?

राजकीय लेखन बहुधा उत्तर असतं. प्रश्न माहीत नसेल तर उत्तर अतिरेकी वाटतं. बर्कचं फ्रेंच क्रांतीवरचं पुस्तक नोव्हेंबर १७९० चं; इंग्रज लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्टने त्याच महिन्यात प्रत्युत्तर छापलं, पेनचं १७९१ च्या सुरुवातीला आलं. तिचं १७९२ चं स्त्री-हक्कांवरचं पुस्तक फ्रेंच नेता तालेरां याला अर्पण केलेलं आहे, कारण त्याच्या शिक्षण-अहवालात मुलींची बोळवण केली होती. म्हणून वाचण्याचा क्रम ठरवा: आधी ज्याला उत्तर दिलंय त्यातला संबंधित भाग, मग उत्तर, मग त्यावरची सर्वांत चांगली समकालीन हरकत. शेवटची पायरी लोक सोडतात.

तिचं मोल कळायला अमेरिकी नेता जेफरसन याचं ६ सप्टेंबर १७८९ चं पत्र घ्या, पॅरिसहून सहकारी मॅडिसनला लिहिलेलं. विधान असं: पृथ्वी जिवंतांच्या उपभोगासाठी आहे, त्यामुळे एका पिढीला दुसऱ्या पिढीवर कर्ज किंवा कायदे लादता येत नाहीत. नुसतं बोलून तो थांबत नाही. ब्युफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाच्या मृत्युकोष्टकांवरून (कोणत्या वयाला किती जण मरतात याचे तक्ते) तो काढतो की २१ वर्षांवरच्या आज हयात असलेल्यांपैकी निम्मे १८ वर्षं ८ महिन्यांत मेलेले असतील. म्हणून प्रत्येक कायदा आणि संविधान १९ वर्षांनी आपोआप संपावं. मॅडिसनने ४ फेब्रुवारी १७९० ला उत्तर दिलं. ठराविक मुदतीने सरकार संपणार असेल तर मधल्या काळात कोण राज्य करणार आणि मालमत्तेवर कोण विश्वास ठेवणार? मागच्या पिढीने जमीन सुधारली, युद्ध लढून दिलं, त्याचा फायदा पुढची पिढी घेते, मग त्यासाठीचं कर्ज तिने का फेडू नये? आणि कायदा रद्द न करणं हीच मूक संमती मानली नाही तर, रोज कोणीतरी सज्ञान होत असताना, बहुमताचा नियमसुद्धा कोणावर बंधनकारक ठरणार नाही.

आता मूल्यमापन सोपं झालं. १९ हा आकडा टिकत नाही, कारण पिढ्या गाड्यांसारख्या वेळापत्रकाने निघत नाहीत. पण लढाईसाठी कर्ज काढून ते नातवंडांच्या डोक्यावर ठेवण्याचा अधिकार सरकारला कुठून येतो, हा मूळ प्रश्न मॅडिसननेही पूर्ण उडवलेला नाही. फायदा आणि ओझं एकत्र जातं का, अशी कसोटी त्याने दिली. आपण २०० वर्षांनी येऊन ज्या हरकती काढणार, त्यांतल्या बहुतेक पाच महिन्यांत आल्या होत्या.

'सर्व' म्हणजे नेमके किती जण?

'सर्व माणसं', 'जनता', 'नागरिक' दिसलं की थांबा आणि मोजा. फ्रेंच क्रांतीतला नेता सिएस याने जुलै १७८९ मध्येच, म्हणजे जाहीरनाम्याच्या महिनाभर आधी, सक्रिय (मताचा हक्क असलेले) आणि निष्क्रिय नागरिक असा भेद मांडला. १७९१ च्या संविधानात तो असा उतरला: पुरुष, वय २५, तीन दिवसांच्या मजुरीइतका थेट कर भरणारा, घरगड्याची नोकरी नसलेला. सुमारे दोन कोटी ऐंशी लाखांच्या देशात असे साधारण ४३ लाख भरले. मोठा आकडा होता, पण 'सर्व' नव्हता.

इथे दोन टोकांच्या चुका होतात. एक, आजचा मापदंड लावून सगळ्यांना नापास करणं. दुसरी जास्त फसवी: 'त्या काळात तसंच होतं' म्हणून सगळ्यांना सोडून देणं. यावर उपाय एकच: त्याच देशात, त्याच दशकात कोणी वेगळं म्हटलं होतं का, ते पाहा. म्हटलं असेल तर काळाची सबब चालत नाही. फ्रेंच विचारवंत काँदोर्सेने जुलै १७९० मध्ये स्त्रियांना नागरिकत्व द्यावं असा लेख छापला. त्यातला एक प्रतिवाद बघा: गरोदरपण आणि तात्पुरत्या अस्वास्थ्यामुळे हक्क जात असतील, तर दर हिवाळ्याला संधिवात होणाऱ्या आणि चटकन सर्दी होणाऱ्या पुरुषांचे का जात नाहीत? फ्रेंच लेखिका ऑलिम्प द गूजने सप्टेंबर १७९१ मध्ये १७ कलमी जाहीरनाम्याची स्त्रियांसाठीची आवृत्तीच लिहिली. फासावर चढण्याचा हक्क स्त्रीला आहे, तर व्यासपीठावर चढण्याचाही हवा, हे तिचं दहावं कलम. ३ नोव्हेंबर १७९३ रोजी तिला गिलोटिनवर चढवलं.

पण ही कसोटी काँदोर्सेलाही लावा. फेब्रुवारी १७९३ मध्ये संविधानाचा मसुदा मांडताना त्याने २१ वर्षांवरच्या पुरुषांनाच मत दिलं. विचार लेखात होता, मसुद्यात नव्हता. गुलामगिरीविरुद्ध त्याने १७८१ साली टोपणनावाने लिहिलं तेही खरं, आणि मुक्ती टप्प्याटप्प्याने, दशकांच्या हप्त्यांनी सुचवली हेही खरं. जेफरसनने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापारावर राजाला धारेवर धरणारा परिच्छेद घातला होता, काँग्रेसने तो काढला. आणि आयुष्यभरात ६०० हून अधिक गुलाम त्याच्या मालकीचे होते. टिपणात अशा दोन्ही नोंदी एकाखाली एक लिहा, मध्ये 'परंतु' न घालता. 'परंतु' घातलं की दुसरी नोंद पहिलीला गिळते.

हिशेब पुन्हा मांडा

घोषणांपेक्षा योजनांत विचार जास्त उघडा पडतो. पेनचं 'अ‍ॅग्रेरियन जस्टिस' (१७९७) यासाठी उत्तम सराव आहे, कारण सगळे आकडे त्यातच आहेत. कागद-पेन्सिल घ्या.

इंग्लंडची एकूण संपत्ती तो १३० कोटी पौंड धरतो. सज्ञान माणूस सरासरी आणखी तीस वर्षं जगतो, म्हणून दर वर्षी तिसावा हिस्सा, म्हणजे ४,३३,३३,३३३ पौंड, वारसाहक्काने हात बदलतो. त्यातले तीन कोटी थेट वारसांकडे: १० टक्के कर, ३० लाख पौंड. उरलेले १,३३,३३,३३३ दूरच्या नातेवाइकांकडे: २० टक्के, २६,६६,६६६ पौंड. एकूण निधी ५६,६६,६६६. खर्च: पन्नाशीवरच्या चार लाख लोकांना वर्षाला १० पौंड, ४० लाख. दर वर्षी २१ वर्षं पुरी करणाऱ्या ९०,००० जणांना एकदाच १५ पौंड, साडेतेरा लाख. बेरीज ५३,५०,०००, शिल्लक ३,१६,६६६, ती आंधळ्या-पांगळ्यांसाठी.

बेरीज-वजाबाकी जुळते. म्हणून पुढे गृहीतकांकडे वळायचं. वारसा कर लागणार हे कळल्यावर मालक जिवंतपणीच मालमत्ता वाटून टाकतील, मग तिसावा हिस्सा कराच्या कक्षेत येईल का? हे सर्वांत कच्चं जोडकाम. दुसरं, तत्त्व आणि कर यांची सांधेजोड: पेनचा मूळ दावा जमिनीबद्दल आहे. जमीन निसर्गतः सगळ्यांची होती, लागवडीमुळे ती काहींची झाली, म्हणून बाकीच्यांना भरपाई द्यायला हवी. कर मात्र सगळ्याच संपत्तीवर. हा फरक त्याला ठाऊक आहे. जंगम संपत्ती समाजाशिवाय निर्माणच होत नाही, असा वेगळा युक्तिवाद तो त्यासाठी देतो. म्हणजे एकाच करामागे दोन तत्त्वं उभी आहेत. एक पटलं म्हणून दुसरं पटलंच असं होत नाही, दोन्ही वेगवेगळी तपासा.

पौंडांचं आजच्या पैशांत रूपांतर करण्याच्या भानगडीत पडू नका. जो आकडा येईल तो कोणता निर्देशांक निवडला त्यावर ठरतो. पेनने स्वतःच माप दिलंय: १५ पौंडांत एक गाय आणि थोडी जमीन कसायला अवजारं येतात. एवढं पुरे.

आता हीच योजना 'राइट्स ऑफ मॅन'च्या दुसऱ्या भागाशेजारी ठेवा. तिथे १७९२ साली गरीब कुटुंबातल्या १४ वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला ४ पौंड, पन्नाशीनंतर ६, साठीनंतर १०. मदत गरजूंना, पैसा सरकारी महसुलातून. पाच वर्षांनी रक्कम प्रत्येकाला, श्रीमंत असो की गरीब, कारण आता ती भरपाई आहे. 'पेनने पेन्शन सुचवली' या एका ओळीत हा बदल पार पुसला जातो, आणि आमच्या मते त्याच्या विचारातली सर्वांत महत्त्वाची हालचाल तीच आहे.

परिणामांचा दोष किती?

रूसो जुलै १७७८ मध्ये वारला, पॅरिसचा बास्तीय तुरुंग पडून क्रांती सुरू व्हायच्या अकरा वर्षं आधी. दहशतीचं खापर त्याच्यावर फोडण्याआधी तीन प्रश्न: संबंधितांनी तो वाचला होता का, निर्णय घेताना त्याचा आधार घेतला का, आणि युद्ध, धान्यटंचाई, बंड असताना तो निर्णय त्याच्याविनाही झाला असता का? पहिल्या प्रश्नावर फ्रेंच अभ्यासक डॅनिएल मोर्नेचं १९१० चं काम नेहमी पुढे येतं: अठराव्या शतकातल्या ५०० खासगी ग्रंथसंग्रहांच्या याद्यांत त्याला 'सामाजिक करारा'ची एकच प्रत सापडली. पुरावा चांगला आहे, पण प्रतिबंधित पुस्तकं अशा याद्यांतून गळत असत, तेव्हा एकट्या त्यावर विसंबू नका.

उलटही तपासा: विचाराने घटना घडवली की घटनेने विचाराला भाग पाडलं? १७८९ चा जाहीरनामा कागदावर असताना सँ-दोमँग (आजचं हैती) या फ्रेंच वसाहतीतली गुलामगिरी चालूच होती. ऑगस्ट १७९१ मध्ये तिथल्या गुलामांनी उठाव केला, ऑगस्ट १७९३ मध्ये फ्रेंच आयुक्त सोंतोनाक्सला तिथे मुक्ती जाहीर करावी लागली, आणि त्यानंतर पॅरिसचा ४ फेब्रुवारीचा ठराव आला. १८०२ मध्ये नेपोलियनने तो फिरवला. उठावातून पुढे आलेला तिथला नेता तूसाँ लुवेर्त्यूर याच्या १८०१ च्या संविधानाचं तिसरं कलम गुलामगिरी कायमची मोडतं; तेच संविधान त्याला तहहयात गव्हर्नर करतं आणि मजुरांना मळ्याशी बांधून ठेवतं. क्रांतिकारी विचारवंतांच्या यादीत त्याला घेत असाल, आणि घ्यायलाच हवं, तर त्यालाही याच चाळणीतून काढा.

निष्कर्ष लिहिताना

एका विधानामागे एक पान पुरतं. वर मजकूर, तारीख, प्रकरण. मग विधान स्वतःच्या शब्दांत दोन ओळींत, आणि ते मूळ लेखकाच्या कट्टर समर्थकालाही मान्य होईल असं. त्याखाली शब्दार्थ, समोरचा पक्ष, 'सर्व'ची मोजणी, हिशेब, परिणाम. शेवटी निकाल, पण विधानाचे तुकडे करून: तत्त्व, व्याप्ती, योजना. जेफरसनच्या पत्राचा निकाल असा होईल: तत्त्व अंशतः टिकतं (कर्जाबाबत), व्याप्ती तोकडी, कारण ज्या 'जिवंतां'बद्दल तो बोलतो त्यांत त्याचे स्वतःचे गुलाम धरलेले नाहीत, योजना (१९ वर्षं) बाद.

पानाच्या तळाशी एक ओळ रिकामी सोडा आणि तिथे लिहा, काय सापडलं तर हा निकाल बदलावा लागेल. पेनच्या पानावर ती ओळ अशी असू शकते: '१७९२ च्या आधीच्या एखाद्या मजकुरात जमिनीच्या भरपाईची कल्पना आढळली, तर बदलाची तारीख मागे न्यावी.'